दुकानाकडे पाठ करून बसणाऱ्या कुमुदताई

आमच्या जेल रोडवरच्या कॉम्प्लेक्समध्ये कुमुदताई साळवेंनी इंटरनेटचं दुकान टाकलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना एक सल्ला दिला आणि तो त्यांनी ऐकला नाही. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारी, मधे एकच भिंत. टेबल कुठे मांडायचं यावरून त्यांचं सुताराशी बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, "ताई, टेबल आत कोपऱ्यात टाका. सगळे कॉम्प्युटर नजरेखाली राहतील. शहरात सगळे तसंच करतात."

"मला कशाला नजरेखाली पाहिजेत?" त्या म्हणाल्या. "ते काय पळून जाणार आहेत?"

आणि टेबल त्यांनी दाराशी मांडलं, तोंड रस्त्याकडे. म्हणजे गिऱ्हाईक आत जाऊन बसलं की ताईंची त्याच्याकडे पाठ. प्लायवूडच्या खोक्यांसारख्या कप्प्यांत माणसं बसायची, पुढे निळा पडदा, आणि ताई रस्त्यावरच्या रिक्षा बघत. दुकानाकडे पाठ करून बसणारा दुकानदार मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट ही. ताई तेव्हा पन्नाशीला आलेल्या. उंच, सडसडीत, खळ घातलेली सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची वीसेक वर्षं गेली होती. नव्वदनंतर यंत्रं आपली आपणच नंबर जोडायला लागली, ऑपरेटर बायकांना काम उरलं नाही, कुणाला बिलांच्या खिडकीवर बसवलं, कुणाला नुसतंच बसवलं. ताईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण एक्स्चेंज त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. कुणाशी बोलताना मान किंचित डावीकडे झुकायची आणि हात कानामागे जायचा, जणू हेडफोन नीट करतायत. गिऱ्हाईक आलं की "या", "बसा" असं काही नाही. फक्त "बोला". तेही असं लांबवलेलं, दोन सुरांतलं, की माणूस दारातच थबकायचा. दहावीच्या पोरालासुद्धा अहोजाहो. आणि नेट जोडलं गेलं, मोडेमचं ते करकरणं थांबलं, की त्या खुर्चीतून उठत म्हणायच्या, "लागलं. आता तुमचं तुम्ही."

त्यांचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. ते वारले, मग आई गेली. धाकटा भाऊ होता, तो बायकोकडच्या गावाला नागपूरला स्थायिक झालेला, दिवाळीत यायचा, पुढे यायचा बंद झाला. ताई एका खोलीच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही. लोक भारनियमनावरून त्यांना चिडवायचे. दुपारी वीज गेली, यूपीएस ओरडायला लागला की ताई मागे न वळता हाक द्यायच्या, "पाठवून घ्या, पाठवून घ्या!" म्हणजे लिहिलेली पत्रं पटापट पाठवा. एखादा आतून म्हणायचा, "ताई, तुमच्या एकलहऱ्याला काय झालं पुन्हा?" त्या म्हणायच्या, "वडील होते तोवर ठीक होतं." सगळे हसायचे. त्याही हसायच्या, पण जरा उशिरा.

दिवाळीत अख्खं कॉम्प्लेक्स बंद असायचं, यांचं दुकान उघडं. मी एकदा पाडव्याला घरचा फराळ घेऊन गेलो. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. "बंद करून घरी जा की," मी म्हटलं. "कुणाला घरी पत्र पाठवायचं असलं तर?" त्या म्हणाल्या. मग चकली मोडत, रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आणि घरी जाऊन तरी काय?"

त्या पाठमोऱ्या का बसतात हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

ऑपरेटरला बोलणं ऐकू यायचं. ऐकायचं नाही असा नियम होता, पण लाइन स्वच्छ आहे का हे बघायला कान लावावाच लागायचा. "जोडून दिलं की कान काढून घ्यायचा. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. मी काढायचेच. एकदा राहिला." ट्रंक कॉल होता, चंद्रपूरहून वीज केंद्राच्या कॉलनीतल्या एका साहेबाला. तिकडे कामाला गेलेला एक मुलगा नदीत बुडाला होता. मुलगा ताईंच्याच कॉलनीतला, दोन घरं सोडून. साहेब फोनवर म्हणाला, आईला आज सांगू नका, नातेवाईक येऊ देत, उद्या सकाळी सांगू.

"संध्याकाळी मी बसमधून उतरले," ताई म्हणाल्या, "तर काकू दारात उभ्या. म्हणाल्या, कुमुद, चहा टाकलाय, ये. नाही कसं म्हणू? गेले. चहा घेतला. त्या मुलाचं लग्न ठरवायचं म्हणत होत्या. मला दोन मुलींचे फोटो दाखवले. विचारलं, कोणती बरी वाटते?"

"मग?"

"मी एक सांगितली."

त्यांनी हातातली चकली डब्यात परत ठेवली. मग म्हणाल्या, "दुसऱ्याचं आपल्याला कळलं की ते आपल्याला उचलावं लागतं, विलास. मला नाही झेपत."

मी फराळाचा डबा तिथेच ठेवून आलो.

त्यांच्याकडे येणारी माणसं याच पाठीमुळे येत होती, हे मला हळूहळू कळलं. कॉलेजची मुलं तर होतीच, चॅटिंगवाली, निकाल बघणारी. पण मोठी माणसंही यायची. एक गृहस्थ होते, कांद्याचे व्यापारी, पांढराशुभ्र शर्ट, मनगटात कडं. दर आठवड्याला यायचे, शेवटच्या कप्प्यात बसायचे. ताईंना वाटायचं, शेअरबाजार बघतात. एकदा ते माझ्याकडे रिपोर्टची झेरॉक्स काढायला आले. कागद काचेवर उलटा ठेवताना नजर गेलीच. त्यांना जो आजार होता त्याचं नाव तेव्हा लोक घरातसुद्धा घेत नव्हते. शहरातल्या डॉक्टरला विचारायची सोय नाही, घरात पुस्तक आणायची सोय नाही. ते त्या पडद्यामागे बसून आपण किती दिवस जगू हे वाचत होते. मी ताईंना सांगितलं नाही. त्यांनीच मला तसं वळण लावलं होतं.

मग नियमांचं वारं सुटलं. पेपरात रोज काहीतरी यायचं. नेट कॅफेत मुलं नको ते बघतात, कॅफेतून धमक्यांची पत्रं जातात. पालक लिहायचे, बंद करा. विद्यार्थी लिहायचे, आमच्या घरी कॉम्प्युटर नाही, आम्ही कुठे जायचं? शेवटी पोलिसांनी भागातल्या सगळ्या कॅफेवाल्यांची बैठक बोलावली. ताई म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. माझ्याबरोबर यायला दुसरं कुणी नाही."

चौकीवरच्या हॉलमध्ये सतरंजीवर पंचवीस-तीस जण, त्यात बाई एकटी. इन्स्पेक्टर मध्यम वयाचे, शांत आवाजाचे. त्यांनी सांगितलं: येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, ओळखपत्राची झेरॉक्स, वेळ. कप्पे काढायचे किंवा गुडघ्याइतके करायचे. परवाना घ्यायचा. कुणाला काही विचारायचं आहे?

कॅफेवाले खाली बघत होते. ताई उभ्या राहिल्या.

"साहेब, माझ्याकडे पेठ-हरसूलकडच्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुली येतात. नर्सिंगला असतात, हॉस्टेलवर राहतात. त्यांच्याकडे कसलं ओळखपत्र? जे असतं ते हॉस्टेलवाल्यांनी ठेवून घेतलेलं असतं. त्यांनी निकाल बघायचा नाही?"

"त्यांचं बघू मॅडम, काहीतरी करू. पण उद्या तुमच्या दुकानातून कुणी धमकीचं पत्र पाठवलं, तर मी कुणाला विचारायचं?"

"पत्र कुणी टाकलं हे पोस्टाच्या पेटीला विचारता का साहेब?"

हॉलमध्ये हशा पिकला. इन्स्पेक्टरही हसले. मग म्हणाले, "पेटीला तोंड नाही, म्हणून विचारत नाही. तुम्हाला आहे."

पुन्हा हशा, पण या वेळी साहेबांच्या बाजूचा. ताईंचा हात कानामागे गेला. "तोंड आहे," त्या म्हणाल्या, "पण डोळे मी मुद्दाम तिकडे ठेवलेले नाहीत."

बाहेर आल्यावर कॅफेवाल्यांनी त्यांना गराडा घातला. ताई, तुम्हीच पुढे व्हा, आपण संघटना करू, कोर्टात जाऊ. कुणीतरी चहा पाजला. त्या दिवशी परत येताना ताई रिक्षात बऱ्याच बोलल्या. इतक्या माणसांनी त्यांच्याभोवती उभं राहायचा प्रसंग बहुधा पहिलाच असावा.

नियम कडक व्हायला वेळ होता. तेवढ्यात वैशालीचं प्रकरण झालं.

वैशाली कुणी ओळखीची नव्हती. उपनगरची मुलगी, एका कंपनीत हिशेबाचं काम करायची, लग्न ठरलेलं. तिच्या नावाने कुणीतरी घाण पत्रं लिहिली, तिचा फोटो दुसऱ्या कुठल्यातरी उघड्या अंगावर चिकटवला आणि सासरच्या सगळ्यांना पाठवला. लग्न मोडलं. पोलिसांनी शोधून काढलं, पत्रं गेली ती कुमुदताईंच्या दुकानातून.

एक तरुण सबइन्स्पेक्टर आले, बरोबर मुलीचे वडील. मी माझ्या दारात उभा होतो.

"त्या दिवशी दुपारी कोण बसलं होतं?"

"मला माहीत नाही."

"चेहरा तरी आठवत असेल?"

"मी बघत नाही," ताई म्हणाल्या. नेहमी ज्या ताठ सुरात म्हणायच्या त्या सुरात नाही.

"बघायला पाहिजे होतं, मॅडम."

 वडील बँकेत कॅशियर होते, तसाच नीटनेटका माणूस, खिशाला दोन पेनं. ते आत गेले, एका कप्प्याचा पडदा त्यांनी हातात धरला, चिमटीत चाचपून पाहिला. म्हणाले, "बाई, याच्या आड बसून कुणीतरी माझ्या मुलीचं वाटोळं केलं. तुम्ही तिकडे तोंड करून बसला होतात." एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

ताई दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेल्या. मुलगी बाहेर आली नाही. आईने पाणी दिलं, बसा म्हणाली नाही.

महिन्याभरात माणूस सापडला. मुलीच्याच ऑफिसातला. त्याने पुन्हा तसंच पत्र पाठवलं होतं, पण या वेळी शहरातल्या एका कॅफेतून, जिथे मालक समोर बसत होता आणि नाव लिहून घेत होता. नाव त्याने खोटं दिलं होतं, पण मालकाला चेहरा पक्का आठवला. ही बातमी मीच ताईंना दिली. मला वाटलं, त्यांचं ओझं उतरेल. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडेच सापडला असता. पहिल्यांदाच."

त्या रविवारी आतून ठोकाठोकीचा आवाज आला म्हणून मी गेलो. ताई पदर खोचून, हातात पकड घेऊन कप्पे उचकटत होत्या. "सुतार बोलावू का?" म्हटलं, तर मानेनेच नाही म्हणाल्या. मी पलीकडून फळी धरली. संध्याकाळपर्यंत दुकान मोकळं झालं, शाळेच्या वर्गासारखं. टेबल त्यांनी फिरवलं आणि आत तोंड करून बसून पाहिलं. समोर सगळे पडदे उघडे, म्हणजे कॉम्प्युटरचे. त्या लगेच उठल्या. "दिसतं सगळं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर रजिस्टर आलं. नियम पुरता लागू झाल्यावर ओळखपत्रांच्या झेरॉक्ससाठी माझ्याकडे रांग लागायला लागली. माझा धंदा वाढला, त्यांचा बसला. कांद्याचे व्यापारी एकदा आले. दारातूनच आतली मोकळी खोली पाहिली, रजिस्टर पाहिलं, "लाइट आहे का?" असं काहीतरी विचारून परत गेले. ताई बरेच दिवस म्हणायच्या, "ते गृहस्थ येत नाहीत हल्ली." मी नुसतं हं म्हणायचो.

एक पेठकडची मुलगी आली. "ताई, कार्ड नाय माझ्याकडं. मॅडमनी ठेवलाय. रिझल्ट बघायचाय फक्त." ताई तिच्याकडे बघत राहिल्या, मग दुकानाला कुलूप लावून तिच्याबरोबर हॉस्टेलपर्यंत चालत गेल्या आणि कार्ड मागून आणलं. पण प्रत्येकीबरोबर कोण जाणार? मुली यायच्या कमी झाल्या.

संघटनेची बैठक झाली तेव्हा सगळे त्यांच्या भाषणाची वाट बघत होते. ताई म्हणाल्या, "कोण आलं ते मी लिहीन. चेहरा बघेन. कुणाचं वाईट झालं तर सांगेन. पण तो आत काय वाचतो, कुणाला काय लिहितो, ते मी बघणार नाही आणि सांगणार नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" त्यांनी वळून पाहिलं. "मला एकच बाजू दिसत होती तेव्हा बरं होतं," म्हणाल्या. कुणाला ते आवडलं नाही. कोर्टाचा अर्ज त्यांच्या सहीशिवाय गेला, आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणी त्यांना सांगायला आलं नाही. पोलिसांनाही त्या अर्धवटच वाटत होत्या. एकंदरीत त्या दोन्हीकडून तुटल्या.

अशा एका दुपारी वैशाली आली. मी टोनर घेऊन ताईंच्या दारात उभा होतो. मुलीने नाव सांगितलं नसतं तर मी ओळखलं नसतं. ताईंनी तिच्या घरी फोटो पाहिलेला असावा, कारण नाव ऐकायच्या आधीच त्या उभ्या राहिल्या आणि "बोला" म्हणाल्याच नाहीत.

"मला माझं मेल उघडायचंय," ती म्हणाली. "तेव्हापासून उघडलं नाही. घरी कॉम्प्युटर घेतलाय आता, पण बाबा शेजारी बसतात."

तिने ओळखपत्र काढलं, रजिस्टरमध्ये स्वतः नाव लिहिलं. मग खोलीभर नजर टाकली. चार-पाच पोरं बसली होती. "इथे आडोसा नाही का? मी ऐकलं होतं, तुमच्याकडे पडदे असतात."

 "होते," ताई म्हणाल्या. "काढले."

मुलीलाही एकदम काय ते कळलं.  मग ताईंनी तिला शेवटच्या खुर्चीवर बसवलं, नेट जोडून दिलं, आणि तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तोंड खोलीकडे, पाठ तिच्याकडे. पदर दोन्ही हातांनी बाजूला ताणून धरला, वाळत घातल्यासारखा. एक पोरगा वळून बघायला लागला तर त्याला म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा."

किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. माझी गिऱ्हाइकं येऊन गेली. मधे मुलीच्या रडण्याचा आवाज आला, मग थांबला, मग कळफलकाचा टकटकाट बराच वेळ. ताईंचा पदर खाली आला नाही. आणि एकदाही त्यांनी मागे पाहिलं नाही. शेवटी मुलगी उठली. जाताना ताईंच्या खांद्याला हात लावला न लावला असं केलं. "झालं," म्हणाली. "पुसून टाकलं सगळं."

ताई खुर्चीत बसल्या आणि दंड चोळत राहिल्या. मी चहा मागवला. तो तसाच निवला.

दुकान आणखी दोनेक वर्षं चाललं. मग नवा हुकूम आला, कोण काय बघतो याची नोंद ठेवणारा प्रोग्राम प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकायचा आणि नोंदी चौकीवर द्यायच्या. तोवर घरोघरी नेट आलं होतं. बाकीच्यांनी प्रोग्राम टाकून घेतला, कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ताई स्वतः चौकीवर गेल्या. म्हणाल्या, एखाद्या माणसाबद्दल लेखी आदेश आणा, मी सगळं उघडून देते, सरसकट नाही देणार. साहेब बदललेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. ताईंनी भांडण केलं नाही. कॉम्प्युटर एका आश्रमशाळेला दिले, हरसूलच्या बाजूला. टेम्पोबरोबर स्वतः गेल्या, जोडून दिले, परत आल्या.

त्यांच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं, लखलखीत. मी माझी मशीन विकून मोठ्या रस्त्याला गेलो. ताईंची गाठ पडेनाशी झाली.

नंतर एकदाच दिसल्या. मी जुन्या कॉम्प्लेक्समध्ये रिचार्जला गेलो होतो. ताई काउंटरपाशी उभ्या होत्या, केस बरेच पिकलेले, त्यांच्याच जुन्या जागेत गिऱ्हाईक म्हणून. नवा नंबर घेत होत्या, मोबाइलवर नेट चालणारा. काउंटरवरच्या पोराने फोटो मागितला, त्यांनी दिला. ओळखपत्राची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलेलं. सह्या केल्या. मला बघून हसल्या, मान डावीकडे झुकली.

"मॅडम, अजून एक नंबर लागेल," पोरगा म्हणाला. "घरातल्या कुणाचा तरी. कॉन्टॅक्टसाठी."

"माझाच आहे की घरचा."

"तुमचा नाही, दुसऱ्या कुणाचा. मिस्टर, मुलगा, भाऊ, कुणीपण चालेल."

ताईंनी पेन हातात धरून ठेवलं. मागे दोघं-तिघं उभे होते. पोराने कागद जरा पुढे सरकवला.

"विलास," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "तुझा देऊ?"

"द्या की ताई. विचारता काय?"

मी नंबर सांगितला, त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि मोठ्याने वाचून मला पुन्हा ऐकवला, एकेक आकडा तोडून. पुढे नात्याचा रकाना होता.

"भाऊ लिहा," मी म्हटलं.

त्यांनी क्षणभर विचार केला. मग 'शेजारी' असं लिहिलं आणि कागद पोराला दिला.

"उद्यापर्यंत चालू होईल, मॅडम. आधी व्हेरिफिकेशन होतं."

"होऊ दे," ताई म्हणाल्या. सिमकार्डाची डबी पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली. पायरी उतरताना त्यांनी पूर्वी तिथे नसलेल्या कठड्याला हात लावला. मग रस्ता ओलांडून त्या पलीकडच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मी हात वर केला. मधे बस येऊन थांबली, आणि ती गेल्यावर थांब्यावर कुणी नव्हतं.